हनलीनंतर ५० वर्षं पाणबुड्या काय करत होत्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १८६४ मध्ये अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या हनली नावाच्या पाणबुडीने उत्तरेची एक युद्धनौका बुडवली, म्हणजे पाणबुडी चालते हे सिद्ध झालं होतं, मग पुढचं जहाज बुडायला १९१४ का उजाडावं लागलं? प्रश्न विचारणाऱ्याच्या मित्राचं म्हणणं की जुन्या विचारांचे ॲडमिरल आडवे आले, नाहीतर हे १८८० लाच झालं असतं. आणि शेवटी एक छोटा प्रश्न, की पहिली खरी पाणबुडी नक्की कुठली म्हणायची.

आधी सांगतो, मी इतिहासकार नाही. नेव्हीत इलेक्ट्रिकल ब्रँचला होतो आणि नोकरीची बरीच वर्षं विशाखापट्टणमला फॉक्सट्रॉट क्लासच्या बोटींवर गेली. (आम्ही पाणबुडीला बोटच म्हणतो, जहाज कधीच नाही.) रशियन बनावटीच्या डिझेल-इलेक्ट्रिक बोटी त्या, वर असताना डिझेलवर चालायचं, बॅटरी चार्ज करायची, खाली गेलं की बॅटरीवर. साइज आणि मशिनरी सोडली तर हे सगळं १९०० सालचंच डिझाइन आहे, त्यामुळे त्या जुन्या लोकांची कुठे अडचण झाली असेल ते पुस्तकात वाचण्याआधी हाताला माहीत असतं. त्याच बाजूने उत्तर देतो.

तर मला पहिल्यांदा अडतं ते 'सिद्ध झालं होतं' या शब्दांवर. हनलीने नक्की काय सिद्ध केलं ते बघा. साधारण १२ मीटरची लोखंडी बोट, १८६३ ला अलाबामातल्या मोबाइलला बांधलेली. इंजिन नाही. आत आठ माणसं, त्यातली सात जण बाकावर बसून हाताने क्रँक फिरवणार, त्यावर प्रोपेलर फिरणार, आणि पुढे उभा राहून एक ऑफिसर बोट चालवणार. ट्रायलमध्येच ऑगस्ट १८६३ ला बुडाली, पाच मेले. वर काढली, साफ केली, ऑक्टोबरला परत बुडाली, आठ मेले, त्यात ज्याचं नाव तिला दिलंय तो हॉरेस हनली स्वतः होता. परत वर काढली. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री चार्ल्सटनच्या बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या हाउसाटॉनिक या उत्तरेच्या युद्धनौकेला तिने उडवलं. हाउसाटॉनिकचे पाच जण मेले, बाकीचे डोलकाठ्यांवर चढून वाचले कारण पाणी तिथे उथळच होतं. हनली मात्र परत आली नाही, लेफ्टनंट डिक्सन आणि त्याची सात माणसं तिच्यातच गेली. म्हणजे हिशोब केला तर शत्रूची पाच माणसं आणि स्वतःची एकवीस.

आणि हत्यार काय, तर बोटीच्या नाकाला बसवलेला पाचेक मीटरचा दांडा आणि त्याच्या टोकाला १३५ पौंड, म्हणजे साधारण ६१ किलो दारू. १९९५ मध्ये बोट सापडली, २००० साली वर काढली, आणि नंतर साफसफाई करताना त्या दांड्याच्या टोकाला सुरुंगाच्या तांब्याच्या कवचाचा तुकडा अडकलेला मिळाला, म्हणजे स्फोट झाला तेव्हा सुरुंग दांड्यावरच होता, सोडून मागे सरकले वगैरे काही नाही. पाच मीटरवर ६१ किलो दारू. माणसं आपापल्या जागेवर बसलेली सापडली. ती नक्की कशाने गेली यावर अजून वाद चालू आहे पण मला विचाराल तर त्या अंतरावर वेगळं कारण शोधायची फार गरज वाटत नाही.

अजून एक, त्या रात्री हनली पूर्ण पाण्याखाली नव्हतीच. पृष्ठभागाला लागून, वरचा थोडा भाग बाहेर ठेवून ती गेली होती. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तरेच्या बाजूच्या कुशिंग नावाच्या लेफ्टनंटने साधी वाफेवर चालणारी लाँच घेऊन, असाच दांडा लावून, दक्षिणेचं अल्बेमार्ल हे चिलखती जहाज बुडवलं आणि स्वतः नदीतून पोहत निसटला. आता तुम्ही १८६५ सालचे ॲडमिरल आहात असं समजा. एकीकडे तीनदा बुडालेली, एकवीस माणसं खाल्लेली बोट, दुसरीकडे एक लाँच. कशावर पैसे घालाल? मी तरी लाँचवरच घातले असते. पुढची दोन दशकं सगळ्या नेव्ह्यांनी टॉर्पेडो बोटींवर, म्हणजे अशाच छोट्या हल्लेखोर बोटींवर, पैसे घातले त्यात जुनाटपणा काही नाही.

आता खरी अडचण. पाण्याखाली जाणं अजिबात अवघड नाही हो, कुठल्याही टाकीत पाणी भरलं की ती खाली जाते. अवघड आहे हव्या त्या खोलीवर राहणं. लोकांना वाटतं की बोट १० मीटरसाठी जड केली की १० मीटरवर जाऊन थांबेल. थांबत नाही. एकतर ती वर येणार नाहीतर खाली जाणार, मधे नैसर्गिक विसावा असा नसतो. उलट जसजशी खाली जाते तसतसा पाण्याचा दाब हलला (बोटीच्या कवचाला) दाबतो, हल किंचित आकसतो, त्यामुळे ती कमी पाणी बाजूला सारते आणि अजून जड होते. म्हणजे एकदा खाली निघाली की स्वतःच अजून खाली जायला बघते.

आकडा देतो म्हणजे अंदाज येईल. फॉक्सट्रॉट पाण्याखाली असताना साधारण २,४०० टनांच्या पुढे. पाण्याची घनता हजारात एक भाग बदलली तरी बोट अडीच टनांनी जड किंवा हलकी होते. बंगालच्या उपसागरात पावसाळ्यात आणि त्यानंतर गोदावरी, हुगळीचं गोडं पाणी वर पसरलेलं असतं, तिथे खाऱ्या पाण्यातून गोड्यात शिरलात तर फरक एक टक्क्यापर्यंतही जाऊ शकतो, म्हणजे वीस-पंचवीस टन. काही न करता बोट एकदम जड. म्हणून डाइव्हच्या आधी ट्रिमचा, म्हणजे बोटीच्या वजनाचा आणि तोलाचा, हिशोब करायचा असतो: किती रेशन संपलं, किती पिण्याचं पाणी, डिझेल किती जळलं (त्याच्या जागी समुद्राचं पाणी येतं आणि ते डिझेलपेक्षा जड असतं), टॉर्पेडो किती आहेत, कुठे आहेत. आणि हिशोब कितीही नीट केला तरी पहिल्या डाइव्हला काहीतरी पंपाने इकडचं तिकडे करावंच लागतं. आमच्याकडे हे करायला मीटर होते, पंप होते, प्लेन्सवर (बोटीचं नाक वरखाली करणाऱ्या आडव्या पंखांवर) बसलेला माणूस होता आणि मुख्य म्हणजे आधीच्या सत्तर वर्षांचा अनुभव होता.

हनलीकडे काय होतं? पुढेमागे दोन बॅलास्ट टाक्या (पाणी भरून बोट जड करायच्या), आणि त्या वरून उघड्या. हो, उघड्या. मधली भिंत वरपर्यंत गेलेलीच नव्हती, त्यामुळे पाणी जास्त झालं की थेट माणसांच्या कम्पार्टमेंटमध्ये. ऑक्टोबरच्या अपघातात हेच झालं, पुढच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, नाक जड होऊन तळात रुतलं. आज ही गोष्ट वाचून हसू नका, बंद टाकी का हवी हे कळायलासुद्धा कुणीतरी मरावं लागतं.

त्याच वर्षी फ्रेंचांनी प्लाँजूर पाण्यात सोडली, हनलीच्या तिप्पटीहून लांब, दाबलेल्या हवेवर चालणारं इंजिन, म्हणजे डोकं लावून बांधलेली होती. पण खोली धरता येईना. नाक खाली करून तळाला लागायची नाहीतर वर उसळायची. लांब बोटीला हे जास्तच सतावतं, कारण थोडं जरी वजन पुढेमागे झालं तरी तोल लगेच बिघडतो.

आणि सगळ्यात मजेशीर प्रकरण नॉर्डनफेल्टचं. स्वीडिश शस्त्रव्यापारी, १८८५ च्या सुमाराला त्याने गॅरेट नावाच्या इंग्लिश पाद्र्याच्या डिझाइनवरून वाफेवर चालणाऱ्या पाणबुड्या बांधल्या. एक ग्रीसला विकली, मग घाबरलेल्या तुर्कस्तानला दोन विकल्या, धंदा कसा करायचा ते त्याच्याकडून शिकावं. वर असताना भट्टी पेटवायची, पाणी प्रचंड तापवून ठेवायचं, मग भट्टी बंद करून त्या साठवलेल्या उष्णतेवर पाण्याखाली चालायचं. आत माणसांची काय अवस्था होत असेल ते सोडा, खरा घोळ वेगळा होता. बॉयलर, गरम पाण्याच्या टाक्या, बॅलास्ट टाक्या, सगळं अर्धवट भरलेलं. परातीत पाणी घेऊन चाललात की जरा कललं तरी सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात अजून कलते, तेच इथे टनांच्या हिशोबात. एक माणूस पुढे सरकला की नाक खाली, नाक खाली गेलं की सगळं पाणी पुढे, मग अजून खाली. तुर्कांच्या अब्दुलहमीद या बोटीने पाण्याखालून टॉर्पेडो सोडला, असं करणारी ती पहिली म्हणतात, पण टॉर्पेडो सुटल्यावर नाक हलकं झालं आणि बोट शेपटीवर उभी राहायला निघाली. त्या बोटींसाठी पुढे माणसं मिळेनात, यात तुर्कांची काही चूक दिसत नाही.

हे कोडं नीट सोडवलं जॉन फिलिप हॉलंडने. आयर्लंडचा शाळामास्तर, अमेरिकेत गेला, सुरुवातीला पैसे कुणी दिले तर ब्रिटिशांवर खार खाऊन असलेल्या आयरिश क्रांतिकारकांनी. त्याचे नियम ऐकायला साधे आहेत. डाइव्हला मोठी बॅलास्ट टाकी पूर्ण भरलेली असेल, अर्धी कधीच नाही. बोट कायम कणभर हलकी ठेवायची, म्हणजे मोटर बंद पडली तर आपोआप वर येईल. खाली जायचं ते वजनाने ढकलून नाही, पुढे चालत असताना प्लेन्सनी नाक खाली करून. आणि टॉर्पेडो गेला की त्याच्या वजनाचा हिशोब पाण्याने लगेच भरून काढायचा. आमच्या फॉक्सट्रॉटवर शिकवलेलं ट्रिमचं पहिलं लेक्चर आणि हे यात फरक फक्त पंपांच्या संख्येचा.

हत्याराकडे येऊ. हनलीच्या आधी १७७६ ला डेव्हिड बुशनेलची टर्टल होती, एकच माणूस मावणारी लाकडी बोट. सार्जंट एझ्रा ली ती घेऊन न्यूयॉर्क बंदरात ब्रिटिशांच्या ईगल या फ्लॅगशिपखाली गेला, तळाला स्क्रू फिरवून दीडशे पौंड दारूचं पिंप अडकवायचं होतं, स्क्रू शिरला नाही. पुस्तकांत लिहितात की वर तांबं होतं किंवा लोखंडाची पट्टी लागली. काही अभ्यासकांना तर हा हल्ला झाला यावरच शंका आहे कारण ब्रिटिश नोंदींत त्याचा पत्ता नाही. मला वाटतं नुसतं मऊ लाकूड असतं तरी जमलं नसतं. पाण्यात तरंगती बोट, आधार कशाचाच नाही. तुम्ही वर स्क्रू दाबलात की बोट खाली जाणार, स्क्रू फिरवलात की बोट उलटी फिरणार, आणि हे सगळं अंधारात, अर्ध्या तासाच्या हवेवर, एका हाताने क्रँक मारत. पाणबुडीला जोर लावायला पायाखाली जमीन नसते, म्हणून तिचं हत्यार स्वतःच्या पायाने जाणारं हवं.

ते १८६६ ला आलं. ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या फिउमेला, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रिएकाला, रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्लिश इंजिनिअरने दाबलेल्या हवेवर धावणारा टॉर्पेडो केला. गंमत बघा, पाण्याखाली खोली धरण्याचं कोडं पाणबुडीच्या आधी टॉर्पेडोमध्ये सुटलं: पाण्याचा दाब ओळखणारा व्हॉल्व्ह आणि एक लंबक, दोघं मिळून मागचे पंख हलवायचे. व्हाइटहेडने हे इतकं लपवून ठेवलं होतं की कारखान्यात त्याला 'सीक्रेट' एवढंच म्हणायचे. पण सुरुवातीचा टॉर्पेडो सहा-सात नॉटने (एक नॉट म्हणजे तासाला साधारण १.८५ किलोमीटर) जेमतेम दोनशे यार्ड जायचा आणि डावीउजवीकडे भरकटायचा. सरळ रेषेत नेणारा जायरोस्कोप १८९५ च्या आसपास आला. त्याआधी पाणबुडीतून चालत्या जहाजावर टॉर्पेडो मारणं म्हणजे नशीबच. मित्राला हे सांगा, १८८० ला पाणबुडी तयार असती तरी तिच्या हातात द्यायला काही नव्हतं.

पॉवरबद्दल फार ताणत नाही. हाताने किती वेळ क्रँक माराल, आणि तेवढ्यात आतली हवाही संपते. स्पेनच्या इसाक पेरालने १८८८ ला बॅटरीवर चालणारी, टॉर्पेडो ट्यूब असलेली बोट केली, त्याच महिन्यात फ्रेंचांची जिम्नोत पाण्यात उतरली. दोन्ही चांगल्या, पण चार्जिंग संपलं की बंदरात परत, म्हणजे बंदराच्या राखणीपलीकडे उपयोग नाही. हॉलंडने वर पेट्रोल इंजिन आणि खाली बॅटरी अशी जोडी जमवली, इंजिनवर समुद्रातच चार्जिंग. अमेरिकन नेव्हीने ती बोट ११ एप्रिल १९०० ला दीड लाख डॉलरला घेतली. मग पेट्रोलची वाफ बंद बोटीत साठून स्फोट व्हायला लागले, जर्मनांनी रॉकेलची इंजिनं घातली तर त्यांचा पांढरा धूर लांबून दिसायचा. डिझेल फ्रान्समध्ये १९०४ ला आलं, ब्रिटनच्या डी क्लासमध्ये १९०८ ला, जर्मनांच्या यू-१९ मध्ये १९१३ ला. बॅटरीवाला म्हणून एक वाक्य घुसडतोच, त्या काळात चार्जिंगला निघणारा हायड्रोजन आणि बॅटरीत समुद्राचं पाणी गेलं तर होणारा क्लोरीन या दोन्हींशी ती पोरं रोज राहायची आणि व्हेंटिलेशन म्हणजे उघडी हॅच.

म्हणजे तुमची ५० वर्षं ही खरी ५० नाहीतच. ट्रिम, टॉर्पेडो आणि इंजिन-बॅटरी या तिन्ही गोष्टी एकाच बोटीत पहिल्यांदा आल्या १९०० ला, धड भरवशाच्या झाल्या १९१० च्या आसपास. त्यात रशिया-जपान युद्धात १९०४-०५ ला पाणबुड्या होत्या पण त्यांनी काही बुडवलं नाही. डिसेंबर १९१२ मध्ये बाल्कन युद्धात ग्रीकांच्या डेल्फिनने तुर्की क्रूझर मेजिदियेवर टॉर्पेडो मारला, युद्धात पाणबुडीने सोडलेला पहिला टॉर्पेडो, पण तो नीट चाललाच नाही. मग थेट ५ सप्टेंबर १९१४. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ ओटो हर्सिंगच्या यू-२१ या जर्मन पाणबुडीने पाथफाइंडर या ब्रिटिश क्रूझरला एका टॉर्पेडोत बुडवलं.

आणि १७ दिवसांनी ज्याने जग हादरलं ते. २२ सप्टेंबरची पहाट, नेदरलँड्सच्या किनाऱ्यापलीकडचा ब्रॉड फोर्टीन्स म्हणून पट्टा, आणि अबुकिर, होग, क्रेसी या ब्रिटिशांच्या तीन जुन्या क्रूझर्स, प्रत्येकी १२,००० टनांच्या. समोर ओटो वेडिगेनची यू-९, पाण्यावर पाचशे टनांचीही नाही आणि तीही डिझेलची नव्हे, जुनी रॉकेलवाली. साडेसहाच्या आधी अबुकिरला एक टॉर्पेडो लागला. कॅप्टनला वाटलं सुरुंग, त्याने बाकीच्या दोघींना मदतीला जवळ बोलावलं. होग थांबून होड्या सोडायला लागली, तिला जवळून दोन टॉर्पेडो. आता क्रेसीला कळलेलं होतं की पाणबुडी आहे, तरी ती बुडणाऱ्यांना उचलत थांबली, तिला मागच्या ट्यूब्समधून दोन, एक लागला एक चुकला, मग बोट वळवून पुढच्या ट्यूबमधला शेवटचा सहावा. दीडेक तासात तिन्ही गेल्या, जवळजवळ १,४५० माणसं मेली, त्यात शाळकरी वयाचे कॅडेटही होते. (त्याच दिवशी रात्री इकडे एम्डन या जर्मन क्रूझरने मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. ब्रिटिशांच्या नेव्हीला आठवण राहावी असा दिवस.)

या सगळ्यात माझं लक्ष ज्या गोष्टीकडे जातं ती वेगळीच आहे. होगवर दोन टॉर्पेडो सोडल्यावर यू-९ चं नाक उसळून चक्क पाण्याबाहेर आलं आणि होगने तिच्यावर गोळ्या झाडल्या. टॉर्पेडो साधारण पाऊण टनाचा, तो गेला की नळीत पाणी शिरतं पण वजन तेवढंच भरत नाही, वर हवेच्या धक्क्याने सोडलेला, आणि एकदम दोन. म्हणजे नॉर्डनफेल्टचं भूत १९१४ लाही बोटीत होतंच. यू-९ वर माणसांना पुढून मागे मागून पुढे पळवून तोल सांभाळायचे. फरक एवढाच की या वेळी क्रूला ते येत होतं, पंप होते, आणि बोट सावरली. आणि त्याच क्रूने जुलैमध्ये पाण्याखाली असताना ट्यूब परत भरायचा सराव केला होता, तोपर्यंत कुणालाच न जमलेला. तो सराव नसता तर सहा टॉर्पेडो सुटलेच नसते. अशा गोष्टी इतिहासात एका ओळीत जातात पण बोटीवर काम केलेल्याला विचारा, आडव्या अरुंद जागेत, बोट डुलत असताना, एवढं धूड ट्यूबमध्ये ढकलायचं आणि त्याच वेळी ट्रिम बिघडू द्यायचं नाही.

आता 'परिस्थितीवर अवलंबून' वाला भाग, कारण हे सोडून उत्तर पूर्ण होत नाही. यू-९ पाण्याखाली जास्तीत जास्त आठ नॉट जायची, तेही फार वेळ नाही. त्या क्रूझर्स दहाएक नॉटने, सरळ रेषेत, वाकडंतिकडं न वळता चालल्या होत्या, आणि खराब हवेमुळे त्यांच्या डिस्ट्रॉयर्स (राखणीच्या छोट्या वेगवान युद्धनौका) सोबत नव्हत्या. पाथफाइंडर तर कोळसा वाचवायला पाच नॉटने रेंगाळत होती. तीच जहाजं १८ नॉटने आडवीतिडवी चालली असती तर पाणबुडीला बघत बसण्यापलीकडे काही करता आलं नसतं. हे उलट बाजूनेही बघा: युद्ध सुरू झाल्या झाल्या ऑगस्टमध्ये जर्मनांनी दहा यू-बोट उत्तर समुद्रात पाठवल्या, दोन परत आल्या नाहीत, त्यातली यू-१५ ला बर्मिंगहॅम या क्रूझरने सरळ धडकून कापलं, आणि बदल्यात मिळालं काहीच नाही. खुद्द वेडिगेन मार्च १९१५ ला यू-२९ मध्ये असताना ड्रेडनॉट या बॅटलशिपच्या धडकेत गेला. म्हणून कुणी '१९१४ ला पाणबुडी प्रभावी झाली' म्हणालं की मी विचारतो, कुणाविरुद्ध? सावध, वेगवान आणि सोबत डिस्ट्रॉयर असलेल्या ताफ्याविरुद्ध ती तेव्हाही नव्हती. थांबलेल्या, हळू किंवा गाफील जहाजाविरुद्ध मात्र जबरदस्त.

ॲडमिरल लोकांबद्दल. मित्र पूर्ण चूक नाही. १८०४-०५ च्या सुमाराला रॉबर्ट फुल्टन, फ्रेंचांना नॉटिलस पाणबुडी दाखवून झाल्यावर, ब्रिटनकडे आला तेव्हा लॉर्ड सेंट व्हिन्सेंट या ब्रिटिश ॲडमिरलने पंतप्रधान पिटला मूर्ख ठरवलं, अर्थ असा की ज्यांची समुद्रावर सत्ता आहे त्यांना नको असलेली, आणि जमली तर ती सत्ताच घालवणारी लढाईची पद्धत हा माणूस कशाला पोसतोय. मला तरी हे जुनाट वाटत नाही, चक्क हुशार वाटतं. पाणबुडीमागे धावले कोण ते बघा: बंडखोर अमेरिकन वसाहती, नाकेबंदीत अडकलेली दक्षिण, ब्रिटनपुढे कायम दुय्यम असलेली फ्रेंच नेव्ही, आयरिश क्रांतिकारक. ज्याच्याकडे मोठा ताफा नाही त्यालाच ती हवी होती. आणि ब्रिटनने तोंडाने नाकं मुरडली तरी १९०१ ला हॉलंडच्या पाच बोटी बांधायला घेतल्याच, निदान शत्रूची चीज समजून घ्यायला.

चूक झाली ती नंतर. १९१० नंतर पाणबुडी खरोखर कामाची झाली होती तरी ब्रिटिश मोठ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात ती बंदराजवळचं खेळणं राहिली. तीन क्रूझर्स रोज त्याच पट्ट्यात तशाच फेऱ्या मारत होत्या, ताफ्यातलेच लोक त्यांना 'जिवंत आमिष' म्हणायचे, धोका सांगितलेलाही होता, तरी त्या तिथेच. इथे मित्राचा मुद्दा लागू पडतो, १८८० ला नाही. त्यानंतर मात्र घबराट उलट्या टोकाला गेली. मोठ्या जहाजांनी बुडणाऱ्यांसाठी थांबायचं नाही असा हुकूम निघाला, आणि ब्रिटिशांचा ग्रँड फ्लीट, जगातला सगळ्यात ताकदवान ताफा, स्कापा फ्लोला (स्कॉटलंडच्या उत्तरेचा त्यांचा तळ) पाणबुडीविरोधी जाळी नाहीत म्हणून काही काळ आयर्लंडच्या उत्तरेला जाऊन थांबला. तेवढ्यात तिथेही ऑडेशस ही नवीकोरी बॅटलशिप सुरुंगाने गेली.

आणि पुढे जर्मनांच्याही लक्षात आलं की युद्धनौकांपेक्षा मालवाहू जहाजं हीच हळू आणि गाफील. तिथे आपला संबंध येतो. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर भट्टीपासून डेकपर्यंत हिंदी खलाशी, त्यात कोकणातले भरपूर, रत्नागिरीकडची घरंच्या घरं त्या नोकरीवर. टॉर्पेडो इंजिनरूमला लागला की आधी खालचे कोळसेवाले जायचे. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची नावं आहेत, ज्यांना समुद्राशिवाय कबर मिळाली नाही. ते सगळेच पाणबुडीने गेले असं नाही, पण पाणबुडीच्या इतिहासात टर्टल आणि हनलीवर पानंच्या पानं येतात आणि ही यादी येत नाही.

राहिला पहिल्या खऱ्या पाणबुडीचा प्रश्न. स्पॅनिश माणूस पेराल म्हणेल, फ्रेंच जिम्नोत म्हणेल, आणि दोघांकडे मुद्दा आहे, पेरालला तर पेरिस्कोपही होता. माझं मत हॉलंडच्या १९०० च्या बोटीला, समुद्रात स्वतः चार्ज होते आणि टॉर्पेडो मारून तोल राखते म्हणून. पेरिस्कोप नव्हता तिला, बघायचं तर डोकं वर काढायचं आणि परत बुडी मारायची, तरीही. लढाईत पाठवण्याजोगी म्हणाल तर मात्र ब्रिटिशांची डी क्लास किंवा जर्मनांची यू-१९. ती मूळ अमेरिकन हॉलंड भंगारात गेली, पण ब्रिटिशांनी बांधलेली हॉलंड-१ समुद्रतळातून १९८२ ला वर काढून गॉसपोर्टच्या म्युझियममध्ये ठेवलीये, पेराल कार्टाजेनाला आहे, आणि ब्रँडटाउखर नावाची १८५० सालची जर्मन बोट ड्रेस्डेनला (तिच्यातून वाचलेल्या तिघांनी आधी बोटीत पाणी भरू दिलं, आतला-बाहेरचा दाब सारखा झाल्यावर हॅच उघडली, एस्केप ट्रेनिंगचं तत्त्व आजही तेच आहे). एवढं लांब जमत नसेल तर विशाखापट्टणमला बीचवर कुरसुरा आहे, फॉक्सट्रॉट क्लास, पुढून मागपर्यंत आतून चालत जाता येतं. टॉर्पेडो ट्यूब्स सगळेच बघतात, तुम्ही व्हॉल्व्ह आणि पाइपांची गर्दी बघा आणि गाइडला ट्रिम टँक कुठे आहेत ते विचारा, बहुतेक वेळा तिथे जुना बोटवालाच असतो आणि मग तो तुम्हाला लवकर सोडत नाही.